अस्मुसची अंड्यांची फेरी

आमच्या गावात अस्मुस ब्रॉडर्सनला कुणी लबाड म्हटलं असतं, तर म्हणणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं डेअरीत चीज बनवलं, पण घरी नेलेला एक तुकडाही न विचारता नेला नाही. एकदा बाजारात चुकून कुणाची तरी छत्री हातात आली, तर ती परत करायला हा बाबा भर पावसात अकरा किलोमीटर सायकल मारत गेला. छत्री न उघडता. का, तर ती त्याची नव्हती.

असा माणूस हिवाळाभर बायकोशी खोटं बोलत होता. बाईची भानगड नव्हती. तसं असतं तर गावाने निदान चवीने चघळलं तरी असतं. भानगड होती केकची.

झालं असं, की अस्मुसचा उजवा खुबा झिजला. सायकलवर बसलं की दुखायचं नाही, पण चालायला लागलं की पन्नास पावलांत डोळ्यांतून पाणी. दर रविवारी तो आणि बायको केस्टीना समुद्राच्या बांधावर चालायला जात, लग्न झाल्यापासून जात आलेले. आता दोन वर्षं ती एकटीच बांधावर चढायची आणि तो खाली गाडीत बसून काचेतून तिचा हिरवा कोट बघायचा. डॉक्टर म्हणाले, खुबा बदलू, पण आधी बारा किलो उतरव. मार्चच्या मध्यावर वजन बघू. उतरलं नाही, तर रांगेत मागे जायचं, आणि रांग लांब आहे.

"बारा ना?" केस्टीना गाडीत म्हणाली. "उतरवू. दोघं मिळून उतरवू. तू जे खाणार नाहीस ते मीही खाणार नाही."

"तुला काय गरज? तू कुठे जाड आहेस?"

"तुझ्यासमोर बसून मी केक खाऊ होय? घशाखाली उतरेल का माझ्या?"

अस्मुसला भरून आलं. मग तो म्हणाला, "पण एक कर. गावात कुणाला सांगू नकोस. अस्मुसने पथ्य धरलं म्हणून हसतील लोक." ती म्हणाली, "नाही सांगत." विषय तिथेच संपला, असं त्याला वाटलं.

आता आमच्या भागात गोड सोडणं म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. इथे कॉफीच्या टेबलावर चौदा प्रकार लागतात. सात मऊ, सात कडक. रोज नाही, पण वाढदिवसाला, मयताला आणि गावाच्या सभागृहातल्या मार्चच्या कॉफीला तर लागतातच. आधी लोणी लावलेले पाव, मग क्रीमचे केक, मग कोरडे, मग बिस्किटं. प्रत्येकातलं थोडं तरी ताटलीत घ्यायचं. एखादा प्रकार तसाच पुढे ढकलला, तर तो केला कुणी हे साऱ्या टेबलाला ठाऊक असतं. केस्टीनाचा काळ्या पावाचा केक एकतीस वर्षं त्या मार्चच्या टेबलाच्या मधोमध बसत आला होता. काळ्या पावाचा चुरा, हेझलनट, मध्ये आंबट काळ्या बेरींचा मुरंबा आणि वर क्रीम. लोक बाकीचे प्रकार उरकत त्या केकपर्यंत पोचायचे.

त्या ऑक्टोबरात तिने केक फेटायचं यंत्र धुतलं, पुसलं, टॉवेलात गुंडाळलं आणि तळघरात नेऊन ठेवलं. सभागृहाच्या बायकांना सांगितलं, हात दुखतात, यंदा माझं नाव लावू नका.

मग ती कामाला लागली. काळ्या पावाचे कागदासारखे पातळ काप शहाजिरं घालून भट्टीत कुरकुरीत करायची. सफरचंदाच्या चकत्या दालचिनी लावून सुकवायची. घट्ट दही, त्यावर बागेतल्या गोठवलेल्या बेरी, साखर नाही. बदाम मोजून सात. गाजराच्या काड्या डब्यात. आणि तालुक्याच्या आरोग्य केंद्रातली नर्स सिग्ने म्हणाली होती, की गोडाची तलफ दहा मिनिटं टिकते, तेवढी निभावली की ती आपोआप ओसरते. तर त्यासाठी अंडी उकडायचं छोटं घड्याळ खिडकीत मांडून ठेवलं. अस्मुसची तलफ दुपारी चारला यायची. चाळीस वर्षं डेअरीत चारला कॉफी आणि केक, पोटाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. चार वाजले की केस्टीना घड्याळ दहावर फिरवायची, त्याच्या समोर बसायची, त्याचा हात हातात घ्यायची, आणि दोघं ते टिकटिकणारं घड्याळ बघत बसायचे. कधी ती मध्येच म्हणायची, "मला आज तुझ्यापेक्षा जास्त आलीय." मग दोघं हसायचे.

पहिले तीन आठवडे अस्मुसने इमानाने काढले. दोन किलो उतरलेसुद्धा.

घात केला कोंबड्यांनी. केस्टीनाने केक करणं थांबवलं, पण कोंबड्यांना कोण सांगणार? त्या आपल्या रोज नऊ-दहा अंडी घालत राहिल्या. परातीत अंडी, टोपलीत अंडी, जिन्याखाली अंडी. केस्टीनालाच सुचलं. म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी सायकलवरून घरोघरी देऊन ये ना. वाटूनही होतील आणि तुझा व्यायामही होईल." गाजराचा डबा तिनेच टोपलीत अंड्यांशेजारी ठेवला. "वाटेत भूक लागली तर."

पहिलंच घर बोटिलाचं. बोटिला म्हणजे केस्टीनाची शाळेपासूनची मैत्रीण, आता विधवा, जीभ धारदार, हात सढळ.

"अरे, अंडी? एवढी? ये, आत ये. बूट काढू नकोस, तसाच ये. कॉफी तयारच आहे."

"आठ घरं अजून राहिलीत गं."

"म्हणजे माझ्या दारातून तू उपाशी जाणार? अंडी तरी मग घेऊन जा परत."

अस्मुस बसला. बोटिलाने डबा उघडला, आणि लोणी-व्हॅनिलाचा तो वास नाकात गेला तेव्हा त्याला खरंच वाटलं, की आपण हे केवळ शिष्टाचार म्हणून करतोय. माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. एक बिस्किट घेतलं. मग दुसरं, कारण एकच घेतलं तर आवडलं नाही असं वाटेल. तिथून मेटाकडे आल्याच्या कडक वड्या, तिच्या शेजारणीकडे लिंबाचा रोल. नऊ घरं, नऊ डबे. आणि केस्टीनाची अंडी मंगळवारी देऊन यावीत, तर शुक्रवारी तीच केक होऊन त्याच्यासमोर बसलेली असायची.

परतीच्या वाटेवर शेतकरी निसच्या कुरणाच्या कुंपणाशी तो थांबायचा. गाजराचा डबा जसाच्या तसा होता. घरी भरलेला कसा न्यायचा? निसचं बुटकं तपकिरी तट्टू होतं, मुल्ले नावाचं. अस्मुसने गाजरं तट्टाला घातली. नोव्हेंबरपर्यंत असं झालं, की अस्मुसची सायकल वळणावर दिसली की मुल्ले कुरणाच्या टोकापासून दौडत यायचं. अस्मुस त्याला म्हणायचा, "खा रे बाबा, तू तरी पथ्याचं खा." ते तट्टूही बरंच सुटलं होतं म्हणतात.

आणि मग चार वाजायचे.

घरी केस्टीना घड्याळ फिरवायची. हा समोर, पोटात नऊ घरचा माल, दाढेत अजून बदामाचा कण. ती त्याचा हात धरायची. "आज फार त्रास होतोय का रे? चेहरा किती उतरलाय तुझा." चेहरा उतरलेला असायचा, हे खरंच. त्याला तिथल्या तिथे सगळं ओकून टाकावंसं वाटायचं, केकही आणि खरंही. पण ओठांवर यायचं ते "होईल सहन" एवढंच. ती हात दाबायची. ती दहा मिनिटं त्याला बांधावर चालण्यापेक्षा जड जायची. दर वेळी तो ठरवायचा, शुक्रवारी एकाही घरात शिरायचं नाही. शुक्रवारी बोटिला दारात उभी असायची.

हिवाळाभर त्याचं वजन पुढे उतरलं नाही, उलट थोडं परत चढलं. केस्टीनाचं मात्र उतरत गेलं. जानेवारीत तिने स्कर्टला कमरेशी पिन लावली, फेब्रुवारीत दुसरी. लग्नाची अंगठी बोटात फिरायला लागली तेव्हा तिने तिच्या आत दोरा गुंडाळला. बुधवारच्या विणकामाला जाणंही तिने सोडलं. "डोळे दुखतात," म्हणाली. एकीकडे हात, दुसरीकडे डोळे. त्याने नीट विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विणकाम बोटिलाकडे असायचं, आणि बोटिलाचं नाव घरात निघू नये अशीच त्याची धडपड. चोराच्या मनात चांदणं. तिकडे बोटिलाही आता केस्टीनाची खुशाली विचारत नव्हती. एकदाच कॉफी ओतताना म्हणाली, "काहींच्या घशाखाली आमचं उतरत नाही. तुझं बरं आहे." अस्मुसच्या तोंडात घास होता. काय म्हणतेस, असं त्याने विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी सिग्नेकडे दोघं गेले. काटा बघून ती म्हणाली, "पाच महिन्यांत सव्वा किलो. अस्मुस, मधे कुठे काही खाणं होतंय का?"

अस्मुस तोंड उघडणार, तेवढ्यात केस्टीनाच बोलली. चेहरा लाल झालेला. "माझी चूक आहे. नाताळात मी सॉसमध्ये क्रीम घातलं. दोनदा. त्याला सांगितलं नाही. मला वाटलं एवढ्याने काय होतंय." आणि ती बाई रडायला लागली. एकसष्ट वर्षांची बाई, दोन पिनांचा स्कर्ट घालून, दोन चमचे क्रीमसाठी नर्ससमोर रडली.

अस्मुस मोजे घालत होता. तो मोजेच घालत राहिला. त्या क्षणी बोलला असता, तर काहीतरी वाचलं असतं. पण मोजा चढवायला त्याने जेवढा वेळ लावला, तेवढा कुणी पायमोजा विणायलाही लावत नाही.

मार्चचा पहिला रविवार आला. सभागृह भरलं. टेबलाच्या मधोमध, जिथे एकतीस वर्षं काळ्या पावाचा केक असायचा, तिथे कुणाचा तरी चॉकलेटचा होता. केस्टीना काळी कॉफी घेऊन बसली. बोटिला समोरच होती आणि तिच्याकडे न बघता बशा पुढे सरकवत होती. अस्मुसने ताटलीत एक कोरडा पाव घेतला आणि सज्जनासारखा चावत बसला.

तेवढ्यात मेटा आली, हातात वड्यांची बशी. "घे की अस्मुस! मंगळवारी चार खाल्ल्यास, आज बायकोसमोर लाजतोस होय?"

पाठोपाठ लिंबाच्या रोलवाली. "केस्टीना, तू नशीबवान गं. तुझा नवरा किती मनापासून खातो! माझा मेला वास घेऊन सोडतो."

"आमच्याकडे तर शुक्रवारी दोन फेऱ्या झाल्या," तिसरी म्हणाली. "म्हणाला, जवळजवळ केस्टीनाच्या हातची चव."

सगळ्या कौतुकाने बोलत होत्या. कुणाच्या मनात काही पाप नव्हतं. पाप सगळं एकाच्याच ताटलीसमोर बसलं होतं, मान खाली घालून. केस्टीनाने कप खाली ठेवला. अस्मुसला वाटलं, आता. पण ती हसली आणि म्हणाली, "हो ना. पहिल्यापासून गोडखाऊच आहे तो." तिने त्याला चारचौघांत सांभाळून घेतलं, आणि त्याहून वाईट ती काही करू शकली नसती.

गाडी गावाच्या पाटीपाशी आली. अस्मुसला राहवलं नाही.

"नाही म्हणता येत नाही गं," तो म्हणाला. "अंडी द्यायला गेलो की बसवतात. डबा पुढे करतात. नको म्हटलं तर माणसं मनाला लावून घेतात. तुला माहितीय आपल्याकडचं."

"हो," केस्टीना म्हणाली. "लावून घेतात."

मग तिने विचारलं, "बोटिलाच्या साठीला मी एकटी गेले होते, आठवतं? तुझा खुबा धरला होता."

"हो."

"चौदा प्रकार होते. सगळे तिने स्वतः केलेले. मी चौदा वेळा नको म्हटलं. पहिल्या तीन वेळा ती हसली. मग सगळं टेबल गप्प झालं. निघताना ती दारापर्यंतसुद्धा आली नाही. पुढच्या बुधवारी मी विणायला गेले, तर माझ्या खुर्चीत सुताची टोपली ठेवलेली. उचलली नाही कुणी."

अस्मुसने गाडीचा वेग कमी केला.

"कारण सांगितलं असतं तर दोन शब्दांत मिटलं असतं. पण तू म्हणाला होतास, गावात सांगू नकोस." ती खिडकीबाहेर बघत होती. "तेव्हा म्हणता येतं, अस्मुस. 'नाही' असं म्हणता येतं. मी म्हटलंय."

त्या दिवशी चार वाजता तिने घड्याळ फिरवलं नाही. अस्मुस स्वयंपाकघरात वाट बघत बसला आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. ओरडली असती, भांडी आपटली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. सोमवारी तिने त्याला कुरकुरीत पाव दिला, दही दिलं, बदाम दिले. सात, मोजून. मंगळवारी टोपली भरून दारात ठेवली, आणि त्यात गाजराचा डबा.

बोटिलाच्या दारात तो सायकलवरून उतरला आणि त्याने अंडी हातात घेतली.

"ये, ये. आज रिंगा केल्यात, व्हॅनिलाच्या," बोटिलाने डबा उघडला.

"नको, बोटिला."

"काय?"

"नको. मला खायचं नाही."

बोटिलाचा हात झाकणावर थांबला. अस्मुसने आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात तो शब्द उच्चारला होता, आणि तिचा चेहरा कसा मिटत जातो ते डोळ्यांनी पाहिलं. केस्टीनाने हे चौदा वेळा पाहिलं असणार.

"तुमच्या घरात हे साथीसारखं पसरतंय वाटतं," बोटिला म्हणाली. "तिला आमचा केक हलका वाटतो. आता तुलाही?"

"तिला हलका वाटत नाही. मला पथ्य आहे. ऑक्टोबरपासून. खुब्यासाठी बारा किलो उतरवायचे होते. तिने माझ्यासाठी सोडलं सगळं. हातबित काही दुखत नाहीत तिचे. मी सांगू नको म्हटलं म्हणून ती बोलली नाही. आणि मी इथे बसून..." त्याने डब्याकडे बोट केलं. "तिने तुझ्याकडे चौदा वेळा नको म्हटलं, ते माझ्यासाठी. मी तिच्यासाठी एकदाही म्हटलं नाही."

बोटिलाने डब्यावर झाकण दाबून बसवलं.

"हिवाळाभर," ती म्हणाली. "हिवाळाभर मी तिच्या खुर्चीत टोपली ठेवली. आणि तू दर आठवड्याला दोनदा त्याच खोलीत बसून माझ्या रिंगा चघळत होतास." तिने खुंटीवरचा कोट ओढला. "अंडी ठेव तिथे. अजून आठ घरं आहेत ना? आठही घरी हेच सांग. असंच, तुझ्या तोंडाने. मी कुणाला फोन करून तुझं काम सोपं करणार नाही." आणि डबा काखोटीला मारून ती त्याच्या आधी घराबाहेर पडली.

आठ घरं. पहिल्या घरी वाटलं, पुढच्या घरी सोपं जाईल. गेलं नाही. मेटा आधी हसली, मग हसायची थांबली. रोलवालीने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे रविवारी आम्ही सगळ्यांनी तिला..." एका घरी तर नवराच होता दारात, त्याला सांगताना अस्मुसची बोबडी वळली. मार्चच्या मध्यापर्यंत वजन आता काही उतरणार नव्हतं. खुब्याची तारीख गेल्यात जमा होती. यंदाचा उन्हाळाही केस्टीना बांधावर एकटीच चढणार, आणि ते त्याने वडी-वडीने, रिंग-रिंगने स्वतःच घडवून आणलं होतं.

कुंपणाशी मुल्ले दौडत आलं. अस्मुसने डबा उघडला आणि गाजराची काडी स्वतःच्या तोंडात घातली. तट्टू मान पुढे करून वाट बघत राहिलं. त्याने सगळी गाजरं तिथेच, उभ्या उभ्या, एकेक करून संपवली. घशाखाली उतरत नव्हती, तरी संपवली.

घरी पोचला तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती. बोटिलाची सायकल भिंतीला टेकलेली होती. आत स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या होत्या, दोघींचे डोळे लाल, मधे उघडा डबा आणि कॉफीची किटली. कोपऱ्यातल्या स्टुलावर टॉवेलातून सोडवलेलं केक फेटायचं यंत्र होतं. केस्टीनाने एक रिंग उचलली. पाच महिन्यांतली पहिली. हळूहळू खाल्ली, डोळे मिटून, बोटाला लागलेला चुरासुद्धा. मग दुसरी घेतली.

"झाली आठ घरं?" बोटिलाने विचारलं.

"झाली."

"बरं," म्हणून तिने केस्टीनाच्या कपात कॉफी ओतली.

अस्मुस टेबलाच्या टोकाशी बसला. आमच्या भागात कॉफीच्या टेबलाशी बसलेल्या माणसापुढे डबा सरकवला नाही, असं आजवर कुणाच्या घरी झालं नसेल. कोर्टात दावा लावलेला शेजारी येवो, भांडलेला भाऊ येवो, डबा पुढे येतोच. डबा दोघींच्या मधे राहिला. त्याला कुणी विचारलं नाही.

चार वाजले. त्याने खिडकीतलं घड्याळ घेतलं, स्वतःच दहावर फिरवलं आणि समोर ठेवलं. दुसरा हात त्याने टेबलावर उघडाच ठेवला, कुणी धरलाच तर. केस्टीनाने त्या हाताकडे एकदा पाहिलं, आणि बोटिलाला बुधवारच्या विणकामाला कोणतं सूत आणायचं ते विचारलं.